काम चोख, कागद ढिसाळ : देशी एअर रायफलची कंपनी-सर्व्हिस, इंदूरहून

‘रायफल नीट लागत नाही.’ सर्व्हिस फॉर्मवरच्या तक्रारीच्या रकान्यात एवढंच लिहून पाठवलेली रायफल बहुधा जशी गेली तशीच परत येते, सोबत तपासणीचं बिल घेऊन. त्यात कारखान्यातल्या मिस्त्रीची चूक नाही. तो रायफल क्लॅम्पमध्ये बांधतो, दहा छर्रे मारतो, ते एकाच भोकात गेले की ‘दोष आढळला नाही’ असं लिहून पुढची रायफल उचलतो. त्याला दुरुस्त करता येतो तो मोजता येणारा दोष. मोजमाप पाठवणं हे आपलं काम, आणि या सर्व्हिसचा अनुभव चांगला येणार की वाईट हे बरंचसं तिथेच ठरतं.

कंपनी देशी आहे, नाव इथे देत नाही. रायफल १० मीटरची, ०.१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरची, २०० बार (हवेच्या दाबाचं एकक) दाबाच्या सुट्या सिलेंडरवर चालणारी, आत दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर असलेली. इंदूरच्या क्लबांत शिकणाऱ्या मुलांच्या हातात पहिली किंवा दुसरी रायफल म्हणून असते तशीच. कंपनीचं सर्व्हिस सेंटर इंदुरात नाही; रायफल कारखान्यातच पाठवावी लागते. कायद्याचं एक आधीच सांगून टाकतो : २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ पेक्षा मोठी नसलेली आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेली एअर रायफल बाळगायला परवाना लागत नाही. १० मीटरच्या रायफलची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. .२२ ची काडतुसाची रायफल हा वेगळा मामला. तिची दुरुस्तीही परवाना असलेल्याकडेच करावी लागते. खालचं काहीही तिला लागू नाही.

सर्वांत जास्त तक्रार ‘हवा गळते’ ही, आणि यातली निम्मी गळती थर्मामीटरमध्ये असते. सिलेंडर पंपाने किंवा मोठ्या टाकीवरून घाईने भरला की हवा तापते. गेज २०० दाखवतं, अर्ध्या तासाने १९० वर येतं. ती गळती नाही, हवा थंड झाली. ऋतूचा फरक तर याहून मोठा. मे महिन्यात दुपारी ४० अंशांना २०० बार भरलेला सिलेंडर डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना, एकही छर्रा न मारता, १८१ बार दाखवेल. उलट डिसेंबरात गच्च भरलेला सिलेंडर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवला तर काटा मर्यादेच्या पलीकडे जाईल; तेव्हा थंडीत भरताना थोडं कमीच भरावं.

खरी गळती असेल तर ती कुठे आहे हे घरीच कळतं, आणि त्यावर बराच खर्च वाचतो. सिलेंडर सावकाश भरा, दोन तास थांबा, गेजचा फोटो काढा, खोलीचं तापमान लिहा. आता सिलेंडर रायफलवरून काढून चोवीस तास बाजूला ठेवा. त्याच तापमानाला काटा तिथेच असेल तर सिलेंडर ठीक. मग तो रायफलवर लावून आणखी चोवीस तास. आता काटा खाली आला तर गळती रायफलच्या अंगात आहे : सिलेंडरच्या जोडाची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), रेग्युलेटरची सील किंवा मुख्य व्हॉल्व्ह. नळीच्या तोंडाशी कान लावून सूक्ष्म फुसफुस ऐकू येते का असं तपासायची पद्धत काही जण सांगतात. ती करू नका; बोल्ट, म्हणजे छर्रा भरायची खिटी, उघडून मागच्या बाजूला साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवला की बुडबुडा तेच सांगतो आणि डोकं नळीसमोर जात नाही. तपासून झालं की कापडाने कोरडं पुसा. सिलेंडर एकटाच गळत असेल तर पूर्ण रायफल पाठवायची गरज नाही. हे फोनवरचा माणूस आपणहून सांगत नाही. त्याचं एकच उत्तर : “भेज दीजिए, देख लेंगे.”

सिलेंडरवर कोरलेली उत्पादनाची तारीखही याच वेळी पाहून घ्यावी. अॅल्युमिनियमच्या सिलेंडरचा वापर दहा वर्षांनंतर थांबवावा असं बहुतेक निर्माते सांगतात. जुन्या रायफली विकत घेणाऱ्यांनी हे विशेष पाहावं. दस्ता चकचकीत असतो आणि सिलेंडर मुदतबाह्य.

दुसरी तक्रार ‘ग्रुप फुटतो’, म्हणजे छर्रे एका जागी न पडता विखुरतात. इथे कंपनीला पत्र लिहिण्याआधी चार गोष्टी. दस्ता आणि अॅक्शन (नळी-बोल्टचा धातूचा भाग) जोडणारे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरावीक जोराने पिळलेले, आहेत का. अंदाजाने पिळलेले नकोत. मागचं डायॉप्टर (बारीक छिद्रातून नेम धरायची साइट) आणि पुढची साइट बोटाने हलवून पाहिली का. नळी फेल्टच्या गोळ्यांनी साफ केली का. शिशाचा थर साचला की उत्तम नळीही रुसते, आणि साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा छर्रे इकडेतिकडे जातात ते धरायचे नाहीत. आणि छर्र्यांचा डबा बदलला का. एकाच कंपनीच्या ४.४९ आणि ४.५० मिलिमीटरच्या डोक्याच्या छर्र्यांचा ग्रुप एकाच नळीतून वेगळा पडतो. या चारांत उत्तर सापडत नसेल तरच रेग्युलेटरकडे वळायचं.

रेग्युलेटर हे या रायफलींचं नाजूक ठिकाण, म्हणून थोडं सविस्तर. सिलेंडरमधला २०० बारचा दाब उतरवून तो प्रत्येक शॉटला एकसारखा द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला किंवा बैठक झिजली की तो पूर्ण बंद होत नाही. रायफल नुसती पडून असताना आतला दाब हळूहळू चढत राहतो. याला रेंजवर सगळे ‘क्रीप’ म्हणतात. लक्षण ठरलेलं : दहा मिनिटं थांबून मारलेला पहिला शॉट वर जातो, नंतरचे जागेवर. मुलं याला एकाग्रतेची चूक समजतात आणि प्रशिक्षकही कधीकधी.

क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र, असेल तर पाच मिनिटांत उलगडा होतो. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० मीटर प्रतिसेकंदाने निघाला तर ऊर्जा साधारण ७.७ ज्यूल. लागोपाठ दहा शॉट मारा, वेग लिहा. दहा मिनिटं थांबा. परत तीन मारा. पहिला १८० आणि पुढचे १७० असतील तर क्रीप आहे, वाद नाही. १० मीटरवर १७० च्या वेगाने छर्रा सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो, १८० ने सुमारे १५. फरक जेमतेम दोन मिलिमीटर. पण या टार्गेटवर गुणाच्या दशांशाची एक पायरी पाव मिलिमीटरची. म्हणजे १०.५ च्या जागी ९.८. नळीच्या उडीचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. उलट लागोपाठच्या शॉटमध्ये वेगात एक-दोन मीटर प्रतिसेकंदाचा फरक दिसला तर गप्प बसावं, त्याने काही बिघडत नाही.

क्रोनोग्राफ प्रत्येकाकडे नसतो, पण इंदूरच्या एवढ्या क्लबांत कोणाकडे तरी असतोच. मागून घ्यावा. कंपनीला ‘वेग कमी-जास्त वाटतो’ असं लिहिणं आणि तेरा आकड्यांचा तक्ता पाठवणं यात दोन आठवड्यांचा फरक पडतो.

आता सियागंज, इंदूरची बाजारपेठ. तिथल्या हायड्रॉलिकच्या दुकानांत ओ-रिंग दहा-वीस रुपयांत मिळते, माप जुळतं, मोह होतो. सहज मिळते ती बहुधा ७० शोर (रबराच्या कडकपणाचं माप) कडकपणाची नायट्रिल रबराची रिंग. उच्च दाबाच्या जागी पुष्कळदा ९० शोरची लागते. मऊ रिंग दाबाखाली फटीत ढकलली जाते, कडा कुरतडल्या जातात आणि पंधरा दिवसांत गळती पुन्हा सुरू. शिवाय रायफल उघडल्याची खूण दिसली की वॉरंटी संपली, यात कंपनी अजिबात ऐकून घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. दाबाच्या भागांना साधं ग्रीस किंवा मशिनचं तेल कधीच लावायचं नाही. दाबलेल्या हवेत ते पेटू शकतं. सिलिकॉन ग्रीस, तेही पुसट. आणि वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजनने सिलेंडर भरून घेण्याची कल्पना ज्याच्या डोक्यात येईल त्याच्यापासून रायफल लांब ठेवावी. तो स्फोट आहे.

तर पत्र. कंपनीच्या सर्व्हिसचा ई-मेल आहे, फोन आहे, व्हॉट्सअॅप आहे. फोनवर काही ठरवू नये, कारण फोनची नोंद त्यांच्याकडे राहत नाही. ई-मेलवर खरेदीचं बिल, सीरियल नंबरचा स्पष्ट फोटो आणि तक्रार. तक्रार अशी लिहावी :

“सिलेंडर सुटा ठेवून २४ तास : १८० बार कायम, तापमान २८. रायफलवर लावून २४ तास : १८० वरून १४०, तापमान २८. बोल्ट उघडल्यावर मागे बुडबुडे. दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतरचा पहिला शॉट १८१, पुढचे १७१, १७०, १७१. छर्रा ०.५३ ग्रॅम. रायफल उघडलेली नाही. पंप हाताचा, फिल्टरसह. काम : गळती बंद करणे, रेग्युलेटर तपासणे. जुने भाग परत हवेत. दुरुस्तीनंतरची वेगाची नोंद आणि टेस्ट कार्ड हवे.”

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. न मागता यातलं काही मिळत नाही.

उत्तर म्हणून एक जॉब नंबर येतो, दोन-तीन दिवसांनी. तो येईपर्यंत पाठवू नये. नंबर नसलेलं खोकं गोदामात पडून राहतं आणि तुमची रायफल पोहोचली की नाही हे तिथल्या कोणालाच सांगता येत नाही. ही या सर्व्हिसची सर्वांत कच्ची बाजू.

पॅकिंगआधी दस्त्याची सगळी मापं लिहून घ्या : बटाची (खांद्याला टेकणाऱ्या टोकाची) लांबी, गालाला टेकणाऱ्या चीकपीसची उंची, पुढचा हात अडवणाऱ्या हँडस्टॉपची जागा, सगळं मिलिमीटरमध्ये, शिवाय फोटो. कारखान्यात रायफल क्लॅम्पला बांधताना हे सगळं सुटतं आणि परत येताना मधल्याच कुठल्यातरी मापावर बसवलेलं असतं. वाढत्या वयाच्या मुलाची सहा महिन्यांत बसलेली पोझिशन यात हरवते. डायॉप्टर काढून घरीच ठेवावं. त्याचं तिथे काही काम नसतं आणि खोक्यात वाकायची भीती मात्र असते. स्लिंग, वजनं, बायपॉड, काही पाठवू नये.

सिलेंडर रिकामा करायचा, पूर्ण. सोबत मिळालेल्या रिकामं करायच्या स्क्रूने, हळूहळू; भसकन सोडला तर धातू गारठतो आणि सील आखडतात. गेज शून्यावर आलं म्हणजे आत काहीच नाही असं धरून चालू नये, स्क्रू थोडा वेळ उघडाच ठेवावा. भरलेला सिलेंडर कुरियरला देणं धोक्याचं आहे, आणि विमानाच्या मालात तो पकडला गेला तर पार्सल तिथेच अडकतं. पाठवताना रस्त्याने जाणारी सेवाच घ्यावी. नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची दिसणारी खूण), बोल्ट उघडा, मूळ हार्ड केस, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं. नुसत्या केसला कुलूप लावून पाठवलेल्या रायफलींचे बिजागर तुटून येतात.

इंदुरात खरी परीक्षा कुरियरच्या खिडकीवर. ‘रायफल’ शब्द वाचला की “भिया, बंदूक नहीं जाएगी” हे ठरलेलं. म्हणून काही जण पावतीवर ‘खेळाचं सामान’ लिहून मोकळे होतात. खोकं हरवलं तर विमा त्याच शब्दावर अडतो. ‘एअर रायफल, ०.१७७, दुरुस्तीसाठी निर्मात्याकडे, सिलेंडर रिकामा’ असं सरळ लिहावं, बरोबर खरेदीच्या बिलाची प्रत, कंपनीचा जॉब नंबर असलेला ई-मेल छापून, आणि मर्यादेत बसते हे सांगणारं कंपनीचं पत्र. हे पत्र मागितलं की कंपनी लगेच देते. इथे त्यांना पूर्ण गुण. गल्लीतल्या फ्रँचायझीत हुज्जत घालण्यापेक्षा देवास नाक्याकडच्या मोठ्या कार्यालयात जावं. तिथे औद्योगिक माल रोज जातो, कागद वाचणारा माणूस भेटतो. रायफलीच्या पूर्ण किमतीचा विमा काढावा.

पोहोचल्यावर रायफल उघडून अंदाजपत्रक येतं. वॉरंटी एक वर्षाची. तीत रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, ट्रिगरचे भाग येतात. ओ-रिंग आणि सील ‘झिजणारे भाग’ म्हणून बाहेर. हे छोट्या अक्षरात आहे, पण आहे. आत पाणी किंवा गंज सापडला तर वॉरंटी पूर्ण रद्द. पावसाळ्यात फिल्टरशिवाय हातपंप मारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं : दमट हवा २०० पटीने दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि ते सिलेंडरच्या तळाशी बसतं. वॉरंटीबाहेर असेल तर तपासणी शुल्क, सील-संच, मजुरी, परतीचं कुरियर, त्यावर १८ टक्के जीएसटी. दुरुस्ती मान्य केली की तपासणी शुल्क बिलात वळतं होतं. अंदाजपत्रकात ‘पूर्ण ओव्हरहॉल’ सुचवलेलं असेल तर कारण विचारावं. दोनदा विचारलं की पुष्कळदा ते ‘सील-संच आणि रेग्युलेटर सफाई’ वर येतं.

प्रत्यक्ष काम मात्र चोख. रेग्युलेटर बदलत नाहीत, आधी उघडून बैठक साफ करतात, गरज असेल तरच भाग टाकतात. सगळ्या सील एकाच वेळी बदलतात, एकच गळकी बदलून दुसरीसाठी सहा महिन्यांनी परत बोलावत नाहीत. वेग ठरलेल्या आकड्यावर परत आणून देतात. ट्रिगरला हात लावण्याआधी विचारतात, आणि हे फार महत्त्वाचं : १० मीटर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची (चाप ओढायला लागणाऱ्या जोराची) अट नाही, त्यामुळे प्रत्येकाचं वजन वेगळं असतं, आणि कोणी न विचारता ‘नीट’ केलं की पुढचा महिना वाया. ‘पॉवर थोडी वाढवून द्या’ असं हौशी मंडळी मागतात, त्यांना साफ नकार देतात. २० ज्यूलच्या पुढे गेलं की परवान्याचा प्रश्न येतो. कंपनीने यात सैल राहू नये, आणि ती राहत नाही.

वेळ तीन-चार आठवडे धरावा. ऑक्टोबरनंतर त्याहून जास्त, कारण राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या आधी सगळ्यांनाच आपली रायफल आजारी वाटते. मार्च ते मे हा पाठवायचा काळ. मधल्या काळात ‘काम कुठवर आलं’ हे कळायची सोय नाही. जॉब नंबर घेऊन आपणच विचारत राहायचं. क्लबची एखादी जादा रायफल मुलाच्या मापाला लावून ठेवल्याशिवाय पाठवूच नये.

स्प्रिंगच्या, नळी मोडून भरायच्या रायफलींबद्दल थोडक्यात. त्यांच्यासाठी ही सर्व्हिस महाग पडते; दोन्हीकडचं कुरियर आणि मजुरी मिळून रायफलीच्या किमतीच्या फार जवळ जातं. त्यांचे दोषही ठरलेले. छर्रा न घालता चाप ओढला की पिस्टनपुढे हवेची गादी राहत नाही, तो धाडकन आपटतो आणि सील फाटते. तासन्‌तास ताणून ठेवली की स्प्रिंग बसते. नळीत तेल गेलं की धूर आणि जळका वास. तरीही घरी उघडू नये. आतली स्प्रिंग दाबलेलीच असते आणि योग्य क्लॅम्पशिवाय ती हात फोडते.

परत आलेलं खोकं उघडताना व्हिडिओ काढावा. सीरियल नंबर जुळवावा, नळीचं तोंड भिंगातून पाहावं. पहिल्याच दिवशी २०० भरू नये. शंभरावर एक रात्र, मग पूर्ण. मग पाठवण्याआधी केलेल्या त्याच चाचण्या, त्याच तापमानाला, त्याच छर्र्याने. टेस्ट कार्डवरचे पाच छर्रे एका भोकात हवेत, बाहेरून सात मिलिमीटरच्या आसपास. दस्त्याची मापं वहीतून परत लावावी आणि मगच साइटला हात घालावा.

मग ती छोटी प्लास्टिकची पिशवी उघडायची, जुन्या भागांची. रिंग नुसती चपटी झाली असेल तर तिचं वय झालं होतं, इतकंच. कडेला बारीक चीर असेल तर सिलेंडर लावताना आट्यांत धूळ होती किंवा कोरडीच पिळली होती. अंगावर फोड आले असतील तर सिलेंडर फार घाईने रिकामा केला जातो. फुगलेली, चिकट लागली तर चुकीचं तेल किंवा ओली हवा. तेव्हा आधी पंपाचा फिल्टर बदलायचा आणि मगच सिलेंडर भरायचा.